सिद्धेश्वरीचा कॉम्प्युटर हँग होतो

चौथ्या मिनिटाला कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला. बसवराजनं माउस गोल फिरवला, उजवीकडे ढकलला, टेबलावर दोनदा आपटला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही. चौकटींचा ग्राफ वरून बोटभर उमटला होता, बाकी सगळा पांढरा.

"मेलं परत," तो म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. हा शब्द आता घरात नको होता.

त्याच्या बायकोला, सिद्धेश्वरीला, जाऊन नऊ महिने झाले होते. वीस-बावीस वर्षं ती चादरींची डिझाइनं काढत होती. आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकट रंगानं भरून, नंतर या कॉम्प्युटरवर. मागावरचा कोणता धागा कधी उचलायचा आणि कधी खाली ठेवायचा, हे त्या चौकटी सांगतात. शेवटचं डिझाइन तिनं दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात पुरं केलं. "झालं एकदाचं," म्हणून ती खुर्चीतून उठली, तेवढंच बसवराजला आठवत होतं. फूल काढलं की मोर काढला, त्यानं विचारलं नव्हतं. फाइलीचं नाव होतं 'नवीन १४'.

नऊ महिने तो या खोलीत फारसा आला नाही. पण गुरुवारी सकाळी चनबसप्पाचा फोन आला. अक्कलकोट रोडला त्याचे माग आहेत. सिद्धेश्वरीची बहुतेक डिझाइनं त्याच्याकडेच विणली गेली.

"अण्णा, चार नंबरचा माग सोमवारी रिकामा होतोय. त्याच्यावर एक शेवटचा लॉट काढणार, मग माग भंगारात. नवीन मशीन येतंय. नवीन मशीनला वैनीच्या प्रोग्रामची फाइल चालत न्हाय. वैनीचं ते राहिलेलं डिझाइन असलं तर तेच लावतो. न्हाईतर दुसरं तयार हाय माझ्याकडं."

"आहे. आणून देतो," बसवराज म्हणाला.

"शनिवारपर्यंत बघा. सोमवारी माग थांबवून मला जमायचं न्हाय."

फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडण्याची सोय नव्हती. ती फक्त सिद्धेश्वरीच्या प्रोग्राममध्ये उघडायची, आणि तो प्रोग्राम याच डब्यावर चालायचा. त्याचं कुलूप, अंगठ्याएवढी एक काळी खुंटी, डब्याच्या मागे खोचलेली होती. प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. म्हणजे जे काय करायचं ते इथंच. आणि इथं चार मिनिटांत सगळं हँग.

दुपारी नवी पेठेतल्या दुकानातून गुरुराज आला. तिशीतला, डोक्यावर हेल्मेटचा ठसा. त्यानं डबा उघडला, फुंकर मारली, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली आणि परत बसवली.

"काका, मधे काही नवीन टाकलं होतं का?"

"नाही."

"अपडेट वगैरे?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

हे खरं नव्हतं. पण बसवराजच्या मनात ते खोटंही नव्हतं. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तो, टेबलावर कागद ठेवून कधी घरी गेला नाही. सिद्धेश्वरीच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट रोज यायची, ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली आहे, टाकायची का. सिद्धेश्वरी रोज 'नंतर' दाबायची. वर्षानुवर्षं. तो पाठीमागून म्हणायचा, "हो म्हणायला तुझं काय जातं? एकदाचं निकालात काढ की." ती मान वर न करता म्हणायची, "असू द्या."

ती गेल्यावर चार महिन्यांनी त्यानं वीजबिल भरायला कॉम्प्युटर लावला. चौकट आली. त्यानं 'हो' दाबलं. मग आणखी काही विचारलं, त्यालाही 'हो'. जुनं पुसून जागा मोकळी करायची का, हो. तिचं एक पडून राहिलेलं काम आपण उरकलं, असं त्याला त्या दिवशी वाटलं होतं. वीजबिल नीट भरलं गेलं, काही हँग झालं नाही. त्यामुळं त्या 'हो'चा आणि या हँग होण्याचा संबंध असेल, असं त्याच्या डोक्यात आलं नाही. आणि थोडं आलं तेव्हा त्यानं ते डोक्यातून काढून टाकलं.

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकून बघतो," गुरुराज म्हणाला. "पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं तोच करून देतो. एकदम लेटेस्ट टाकतो, याच आठवड्यातला."

लेटेस्ट टाकला. तीन मिनिटांत हँग.

"पंखा बघू." पंखा फिरत होता. "कार्ड बदलून बघू." दुकानातलं कार्ड आणून लावलं, तर प्रोग्राम सुरूच होईना. जुनं कार्ड परत बसवलं. संध्याकाळी गुरुराजनं हात झटकले. "काका, फॉरमॅट मारू या. सगळं साफ होतंय."

"आणि प्रोग्राम?"

"परत टाकायचा की. सीडी असेल ना?"

"नाही."

"कंपनीला फोन?"

"कंपनी नाही."

"मग फॉरमॅट नको," गुरुराज म्हणाला, जणू ती कल्पना बसवराजचीच होती.

रात्रीच्या जेवणाआधी बसवराजनं पुण्याला शिवानीला फोन लावला. ती त्याच्या बहिणीची मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला.

"मामा, नवीन नाही, जुना ड्रायव्हर टाकायला पाहिजे," तिनं सगळं ऐकून सांगितलं.

"जुना? जुन्यापेक्षा नवा बरा असतो की."

"कार्ड जुनं, प्रोग्राम त्याहून जुना. नवे ड्रायव्हर नव्या कार्डांकडे बघून करतात. जुन्यांचं काही बिघडलं तर कोण बघतंय? तुम्ही मी सांगते तिथं जा. मागच्या आवृत्तीवर परत जायचं बटण दिसतंय का?"

"दिसतंय. फिकट आहे."

"दाबा."

"दाबलं जात नाही. फिकट आहे म्हटलं ना."

"म्हणजे मागची आवृत्ती पुसली गेलीय. कुणी अपडेट केलं होतं का?"

"गुरुराजनं आज केलं," बसवराज म्हणाला. हेही खरंच होतं.

"ठीक आहे. कार्डवाल्यांच्या साइटवर जुने सगळे असतात. मी तीन पाठवते. एक टाकून बघायचा, नाही चालला तर पुरता काढून मगच दुसरा. एकावर एक टाकायचा नाही."

शुक्रवार त्यात गेला. ड्रायव्हर काढा, कॉम्प्युटर बंद, कॉम्प्युटर सुरू, पडदा मोठमोठ्या अक्षरांचा, ड्रायव्हर टाका, परत बंद, परत सुरू. मग 'नवीन १४' उघडायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं. गुरुराज दुकानातून येऊन-जाऊन होता. बसवराजनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले होते. पहिला ड्रायव्हर, सहा मिनिटं. दुसरा, अकरा. तिसरा, चार.

"अकरावाला बरा होता काका," गुरुराज म्हणाला.

"अकरा मिनिटांत काय होतंय? मागाची फाइल बाहेर काढायला प्रोग्रामला पंचवीस मिनिटं लागतात. मधेच हँग झाला तर फाइल अर्धवट. अर्धवट फाइल घेऊन चनबसप्पा काय अर्धी चादर विणणार?"

"तुम्ही माझ्यावर का चिडताय?"

"मग कुणावर चिडू? याला कान नाहीत." त्यानं डब्यावर थाप मारली.

शनिवारी सकाळी शिवानीनं फोनवरच यादी उघडली. त्या कार्डाचे जुने ड्रायव्हर छप्पन्न होते.

"मामा, असं एकेक टाकत बसलो तर पंधरा दिवस जातील. आधी चालत होतं तेव्हाचा कोणता होता ते कळलं पाहिजे. निदान कधी बदलला ते तरी. नीट आठवून सांगा."

गुरुराज पलंगावर बसून चहा पीत होता. फोन स्पीकरवर होता.

"शिवानी," बसवराज म्हणाला, "मी 'हो' दाबलं होतं."

"कशाला?"

"ती चौकट यायची तिला. तुझी मामी गेल्यावर चार महिन्यांनी. आणि जुनं पुसायचं का विचारलं, त्यालाही हो म्हटलं."

गुरुराजनं कप खाली ठेवला. "काका, मी पहिल्या दिवशी पहिलं हेच विचारलं होतं."

"ऐकलं होतं मी."

"नाही, म्हणजे खोडरबरानं घासत बसलो ना मी."

"ऐकलं म्हणतोय ना."

"असू दे मामा," शिवानी म्हणाली. "पुसलं तरी नोंद राहते. कार्डाच्या माहितीत शेवटी एक यादी आहे. काय-काय कधी टाकलं त्याच्या तारखा असतात. खाली जा आणि वाचा."

नोंदवही वाचायची सवय बसवराजला होती. तो चष्मा पुसून वाचू लागला. सगळ्यात वर गुरुवार-शुक्रवारचा गोंधळ. त्याखाली त्याचा स्वतःचा 'हो', तारखेसकट. त्याखाली एकदम चार वर्षांचं अंतर. मग दोन नोंदी लागोपाठ. अठरा सप्टेंबर, नवा टाकला. बावीस सप्टेंबर, दुसराच नंबर, आधीच्यापेक्षा लहान.

"मामा," शिवानी सावकाश म्हणाली, "मामीनं हे एकदा केलंय. नवा टाकला, चार दिवस बघितलं, काढला आणि जुना परत आणला. आपण तीन दिवस करतोय तेच."

बसवराज त्या दोन ओळींकडे बघत राहिला. ते चार दिवस त्याला आठवले, कारण त्या चार दिवसांत घरात दोनदा डाळ करपली होती. सिद्धेश्वरी या खुर्चीतून उठत नव्हती. तो दारात येऊन म्हणाला होता, "एवढं काय अडलंय त्यात? भूक लागलीय." ती म्हणाली होती, "आले." काय अडलंय याचं उत्तर त्यानं ऐकून घेतलं नव्हतं. तिच्याकडे गुरुराज नव्हता, शिवानी तेव्हा शिकत होती. कुठून शोधून काढलं, किती टाकले, किती काढले, देव जाणे. आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं ती रोज सकाळी 'नंतर' दाबत होती, आणि तो पाठीमागून तिला आळशी ठरवत होता.

"सांगायचं ना मग," तो एकदम मोठ्यानं म्हणाला. "तोंड होतं की. मला सांगायचं."

"काय म्हणालात?"

"काही नाही. नंबर लिहून घे. बावीस तारखेचा."

तो नंबर यादीत तळापासून नववा होता. गुरुराजनं आधीचा पुरता काढला, हा टाकला, आणि या वेळी अपडेटची चौकट येण्याची वाटच बंद करून टाकली. कॉम्प्युटर बंद, सुरू. बसवराजनं 'नवीन १४' उघडली आणि मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

चार मिनिटं गेली. ग्राफ वरून खाली उमटत आला. सहा गेली. अकरावं मिनिट संपत आलं तेव्हा गुरुराज उठून उभा राहिला, पण काही थांबलं नाही. पंधराव्या मिनिटाला बसवराजनं फाइल बाहेर काढायचं बटण दाबलं. खालची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

"काका, माउस हलवू नका."

"हात मांडीवर आहेत माझे. तू पलंग हलवू नको."

पंचवीस नाही, एकतीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बसवराजनं पहिल्यांदा ते डिझाइन नीट पाहिलं. फूल नव्हतं, मोरही नव्हता. चादरीच्या दोन्ही काठांना भुईमुगाची उपटलेली झाडं ओळीनं ठेवली होती. पानं वर, मुळं खाली, मुळांना शेंगांचे झुबके. एकेका शेंगेला मधला खळगासुद्धा होता. मधला सगळा भाग मोकळा.

दुपारी तो पेनड्राइव्ह घेऊन चनबसप्पाकडे गेला. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून चनबसप्पा त्याला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेला आणि फाइल उघडून खुर्चीत मागे रेलला.

"येनिदु अण्णा? काय हे? शेंगा?"

"शेंगा."

"चादरीवर शेंगा कोण पांघरतंय?"

"तू शनिवारपर्यंत आण म्हणालास, मी आणलं. तीन दिवस त्या डब्यानं माझा जीव खाल्लाय. आता तू सुरू करू नको."

चनबसप्पा पडद्याजवळ गेला. एक काठ मोठा करून बघितला, मग दुसरा. बराच वेळ बघितला. "चौकट एक चुकली न्हाय," तो म्हणाला. "पानं हिरवी, शेंगा बदामी, ते लिहिलंय वैनीनं. मधल्या भागाचा रंग लिहिला न्हाय. कसला टाकू?"

"मला काय विचारतोस? मला रंगातलं काय कळतंय?"

"मग कुणाला विचारू?"

बाहेर माग चालत होते. केबिनच्या कपाटात सूत गुंडाळलेल्या शंकूंची, कोनांची, रांग होती, पन्नासेक रंग असतील.

"मातीचा टाक," तो शेवटी म्हणाला.

"कसली माती? काळी का तांबडी का पांढरट? सुतात माती म्हणून रंग येत न्हाय अण्णा."

"तिच्या माहेरच्या शेतातली. तिथं शेंगाच पिकतात."

"मी बघितलंय का वैनीचं माहेर?"

बसवराज पस्तीस वर्षं त्या शेतात जात होता. जेवून, पान खाऊन, बैठकीत लोळून परत येत होता. त्यानं डोळे मिटून आठवून पाहिलं. विहीर आठवली, बाजेवरची गोधडी आठवली. मातीचा रंग आठवेना. त्यानं खिशातून फोन काढला आणि वैरागला मेव्हण्याला लावला.

"सिद्धू, तुमच्या शेंगांच्या रानातली माती कसल्या रंगाची आहे?"

"कसल्या म्हंजे?" सिद्धू पलीकडून म्हणाला. "दाजी, बरं हाय ना तुमचं? माती मातीच्या रंगाची असती की."

"शेतात आहेस का घरात?"

"घरात. जेवाय बसलोय."

"जेवण झाकून ठेव. रानात जा, मूठभर माती हातात घे आणि उन्हात धरून फोटो पाठव. ओली नको, कोरडी घे."

"आत्ता?"

"आत्ता. हा बाबा कोन हातात घेऊन उभा आहे."

चनबसप्पा खरंच उभा राहिला होता. त्यानं कपाटातून चार-पाच करड्या-तपकिरी रंगांचे कोन काढून टेबलावर ओळीनं मांडले आणि बसवराजला खुर्ची सरकवून दिली. दोघंही फोनकडे बघत बसले.