बिनगळाची गोळी

“काका, काठी काढा भायेर,” कुमार काठावरूनच म्हणाला. “किती बारी सांगायचं? नदी बंद हाय.”

रायबा खडकावरून हलला नाही. मासा लागला की हलणाऱ्या, पाण्यात उभ्या मोरपिसाच्या काडीवरून त्याची नजरही ढळली नाही. पावसाळ्यात अंडी घालायला वर येणारा चढणीचा मासा वर्षागणिक कमी होतोय, तर दसऱ्यापर्यंत कानंदी नदीत कुणी गळ टाकायचा नाही, हा ठराव कुमारनंच गावसभेत मांडला होता. रायबाचा तेव्हा नुसता तिळपापड झाला. अर्धा जन्म या खडकावर गेला त्याचा! मळ्या, शिंगटा, खवल्या, काय दिलं नाही या डोहानं? एक-दोन मासे धरणारा गळवाला चोर कसा, असं तो भर सभेत बोलला. पण ऐकतंय कोण? शेवटी बाकीच्या गळवाल्यांसारखा तोही गप घरी बसला.

आणि गणपती उठले त्या आठवड्यात, सगळं गाव भाताच्या बेणणीला, तण काढायला, गेलेलं असताना, कुणीतरी भरदुपारी डोहात ब्लीचिंग पावडर ओतली. मोठे मासे पोत्यात भरून नेले. मागं बोटाएवढी पिल्लं उलटी तरंगत राहिली. काठावर एक माणूस असता तर कुणाची छाती झाली असती? पण माणसं तर ठरावानं उठवली होती. रायबाला त्या दिवशी घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन खडकावर आला आणि मग रोजच येऊ लागला. बायको, रत्ना, चिडवायची, “घरची कणीक न्हेता, आन् माशाचं शेपूटबी आणत न्हाई.” तो हसून सोडून द्यायचा.

“काढताय का आमी काढू?” कुमार आता खडकावर चढला होता.

रायबानं काठी उचलली. दोरीच्या टोकाला कणकेची गोळी होती. कुमारनं ती दाबून पाहिली. आत नुसती गाठ.

“गळ कुठंय?”

“न्हाई बांधला. हितं माणूस बसलेला दिसला म्हंजी पावडरवाला माघारी फिरतो. बसायला तर बंदी न्हाई ना तुमची?”

कुमारनं गोळी हातातून सोडली. डोहाकडं बघत त्यानं हळूच विचारलं, “पर मासं हायेत का अजून?”

“त्येच बघतोय.”

उद्यापासून मीही येतो, असं म्हणून कुमार गेला. रायबानं नवी गोळी लावली. गळ टाकण्याआधी पहिली गोळी बिनगळाची सोडायची, ती नदीची, ही त्याच्या बापाची रीत. आता सगळ्याच गोळ्या नदीच्या.

दिवस तोरण्याआड गेला तरी काडी हलली नाही. त्यानं दोरी ओढली. गोळी जशीच्या तशी होती, त्याच्या बोटांचे ठसेसुद्धा. ती कुस्करून त्यानं पाण्यात सोडली आणि घरी आला.

“उद्या कणीक जरा सैल मळ,” तो रत्नाला म्हणाला. “पिल्लू आसलं तर त्याला तोडता आली पायजे.”