नितळमहाराजांची काचेची टाकी

"महाराज, टाकीचं हे लाल फडकं जरा सोडून दाखवता का?"

हिंमत असेल तर हा प्रश्न भर सभेत विचार, असं मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. मी विचारला. घरात मला भोंगा म्हणतात, त्यामुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. डिवचणाऱ्या चौघी तेवढ्यात मांडवाच्या खांबाआड गेल्या होत्या.

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. का नसेल? आमची खाडी वर्षभर हिरवीगार झालेली, काठाला मेलेले मासे, वास असा की खिडक्या लावून जेवायचं. आणि मांडवात काचेची टाकी, तळाभोवती लाल फडकं गुंडाळलेली. सकाळी तिच्यात सगळ्यांदेखत खाडीचं हिरवं पाणी ओतलं जायचं आणि दुपारपर्यंत ते आरशासारखं नितळ व्हायचं. मध्ये फक्त महाराजांचा मंत्र आणि माझ्या मावसबहिणीचा हात.

तेच तर माझं दुखणं. मावसबहीण आमच्याकडे शिकायला राहिलेली. केसांमुळे सगळे तिला रेशीम म्हणतात. महाराजांनी माझा हात पाहिला, "चंचल" म्हणून सोडून दिला. तिचा पाहिला आणि डोळे मिटले. "शुद्ध!" तेव्हापासून तिला पहिल्या रांगेत खुर्ची, नवा निळा ड्रेस, आणि माझ्याच आईचं पालुपद, "शीक काहीतरी हिच्याकडून." मी जळत होते. नुसता धूर निघायचा बाकी होता.

मग महाराजांनी फर्मान काढलं. खाडीचा शाप म्हणे शिंपल्यांत बसलाय, तेव्हा सगळे शिंपले उपसून चुन्याच्या भट्टीला द्या. माझे बाबा शिंपले काढून विकतात, आमचं घर त्यावर चालतं. तरी त्यांनी मान डोलावली. सभेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या होड्या निघणार होत्या.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. आई रेशीमची वेणी घालत होती म्हणून मी परसात फुगून बसले होते. शिंपल्यांनी पोटातली वाळू टाकावी म्हणून बाबा ते खाडीच्या पाण्याच्या टपात ठेवतात, वर ओलं पोतं. नंतर पोतं काढायचं, शिंपले उचलायचे, पाणी ओतून द्यायचं. सगळ्यांची नजर शिंपल्यांवर, पाण्याकडे बघतो कोण? त्या दिवशी मी रागाच्या भरात पोतं ओढलं. टपाचा तळ दिसत होता. त्याच खेपेला आणलेलं शेजारच्या बादलीतलं पाणी मात्र अजून हिरवंगार.

शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, शिंपला पाणी आत ओढतो, त्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो आणि पाणी सोडून देतो. जेवण आहे ते त्याचं."

तर, फडकं. महाराज मंद हसले. "बेटी, हे सोडलं तर शक्ती उडून जाईल."

"एवढ्या मोठ्या शक्तीला एक सुती फडकं पुरतं?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"भोंगे, खाली बस," आई दातओठ खात म्हणाली.

"बसते. पण आज चमत्कार मी भरून आणलेल्या या बादलीत होऊ दे. पाणी तेच, हात तोच, मंत्र तोच."

"होऊ दे की, महाराज," पुढची मासेवाली मावशी म्हणाली. "आमच्याही डोळ्यांचं पारणं फिटेल."

आता नाही कसं म्हणणार? रेशीमने बादलीत हात घातला. मंत्र झाला, पुन्हा झाला, महाराजांचा घसा बसला. दुपार झाली. टाकीतलं पाणी कोणी हात न लावता नितळ झालं आणि बादली हिरवीच राहिली.

"बादली प्लॅस्टिकची आहे," महाराज म्हणाले. "मंत्र चढत नाही."

"मंत्राला स्टील लागतं होय?" मावशीने विचारलं.

मी टाकीकडे निघाले, पण रेशीम आधी पोचली. भिजून सुरकुतलेल्या हाताने तिने फडकं खेचलं. टाकीच्या तळाशी शिंपलेच शिंपले, तोंडं किलकिली करून निवांत जेवत असलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी! शोध माझा आणि टाळ्या तिला. मी पुन्हा जळले. महाराज तोवर मागच्या बाजूने जीपमध्ये बसले होते.

खाडीत शाप नव्हता. वरच्या शेतांतलं जास्तीचं खत आणि गावाची गटारं पाण्यात येतात. त्यावर शेवाळ माजतं, मरून कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. जे शिंपले हे शेवाळ खातात, तेच आपण जाळायला निघालो होतो. अर्थात एकटे शिंपले तरी किती खाणार? खत आणि गटारं आपल्यालाच आवरायला हवीत. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी शेजारी एक साधी बादली ठेवून बघा. एवढंच सांगणं आहे.

घरी आले तर अंगणात बाबांनी भट्टीसाठी आधीच काढून ठेवलेल्या जिवंत शिंपल्यांची पोती. बाबा त्यांच्याकडे बघत उभे.

"भट्टीवाल्याला शब्द दिलाय मी," ते म्हणाले.

"तो मोडा," मी म्हटलं. "आई, तूही ऐक. उद्या होडीत मी येणार आहे. शिंपले उपसायला नाही, ही पोती परत खाडीत सोडायला. तिथून थेट नगरपालिकेत, गटारांचं विचारायला. रेशीमलाही नेणार आहे, तिचं लोक ऐकतात. पण बोलणार मी."