कोहकाफचा गालिचा आणि गुंडाप्पाचा बैल

तेरच्या बाजारात त्या सकाळी एकही माणूस स्वस्थ उभा नव्हता. मागचे पुढं रेटत होते, पुढचे मागं सरत होते, आणि मधोमध पसरला होता गालिचेबाबाचा गालिचा. निजामाचं राज्य होतं, पण त्या दिवशी हुकूम चालत होता गालिच्याचा.

"कोहकाफच्या पऱ्यांनी विणलाय!" बाबा ओरडला. "चंद्रकिरणांच्या सुया, दवाचा धागा! निर्दोष माणसापुढं गुलाबी, चोरापुढं काळाकुट्ट!"

पऱ्यांना तेरच्या चोऱ्यांत एवढा रस का, हे मी विचारणार होतो. पण मीही टाचा उंचावूनच उभा होतो.

आधी बाबानं दुकानदार शंकरप्पाला उगवतीकडं उभं केलं, गर्दी त्याच्या मागं. गालिचा गुलाबी झळाळला. मग, पऱ्यांना नजर लागते म्हणून, सगळ्यांना डोळे मिटून मावळतीकडं नेलं आणि शामलाला पुढं ओढलं. तिच्या सासूची, म्हणजे इरम्माची पुतळ्यांची माळ हरवली होती. संशय सुनेवर. डोळे उघडले तर गालिचा काळा पडलेला!

"बघा!" इरम्मा किंचाळली. "घाला हिला गाडीत. जाऊ द्या ढोकीला, माहेरी. परत आणायची न्हाय."

सासरा गुंडाप्पा गाडी जुंपूनच आला होता. बैल माना हलवत होते. "म्या न्हाय घेतली हो," शामला म्हणाली. ते घुंगरांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात नूरुन्निसाबी पुढं आल्या. उस्मानाबादेत मुलींना भूगोल शिकवायच्या, सुटीला गावी आल्या होत्या. खाली बसून त्यांनी गालिच्याचा कोपरा उलटला.

"हात लावू नका बाई! पऱ्या उडतील!"

"उडू द्या. कोहकाफ म्हणजे काकेशसचे डोंगर. नकाशात दाखवते मी पोरींना. पऱ्या तेवढ्या दाखवायच्या राहिल्यात."

मग त्या बोटानं दाखवत गेल्या. लोकर मेंढीची. गाठ न् गाठ हातानं मारलेली. तांबडा रंग मंजिष्ठेचा, निळा निळीचा. काठाला खेकड्यांसारखी नक्षी. मध्येच एक पट्टा फिकट.

"तिथं चोराचा अश्रू पडला!" बाबा म्हणाला.

"तिथं एका वेळी रंगवलेली लोकर संपली, दुसऱ्या वेळची लागली. डोंगरातल्या बायांनी विणलाय, आपल्या आज्यांच्याही आधी. चीज मोठी नामी आहे. बिचाऱ्याला इथं पोलीसपाटील केलंय. इरम्मा, सुनेच्या जागी तुम्ही उभ्या राहा."

इरम्मा तोऱ्यात उभी राहिली. गालिचा काळा तो काळाच.

"म्हंजी माझी माळ मीच चोरली व्हय?"

नूरुन्निसाबी बैलाजवळ गेल्या. पाठीवरून हात फिरवला, लव चकाकली. उलटा फिरवला, गडद पट्टा उमटला.

"गुंडाप्पा, बैल पापी झाला?"

"न्हाय जी. लव उलटी झाली."

"गालिच्याचीही लव एकाच अंगाला कललेली असते. इकडून बघा, गडद. तिकडून बघा, फिकट. बाबा गालिचा हलवत नाही, तुम्हाला हलवतो."

बाबा गालिचा गुंडाळायला धावला. पण शामला त्याच्याआधी चालू लागली होती. डोळे उघडे ठेवून ती उगवतीकडं गेली, वळली आणि बघत राहिली. गुलाबी. तिच्यामागं सगळा बाजार धावला.

"मग माळ कुठाय?" इरम्मा पुटपुटली.

"घर झाडून बघा," नूरुन्निसाबी म्हणाल्या.

गुंडाप्पानं बैल सोडले. घुंगरं थांबली.

वाचकहो, कुणी चमत्कार दाखवला आणि डोळे मिटायला सांगितले, तर ते उघडेच ठेवा, आणि पलीकडून जाऊन एकदा बघा. शामलाला त्यासाठी फक्त गालिच्याला वळसा घालावा लागला. नाहीतर ढोकीपर्यंत जावं लागलं असतं.