माईकपुढची ओवी

रतनमावशीची लेक तानी चार महिने क्षयाच्या इस्पितळात होती. औषध लागू पडत होतं, पण पोरीनं हाय खाल्ली होती. महिनाभर एक शब्द नाही, धड जेवण नाही. मावशी भेटायला गेली की दोघी नुसत्या रडायच्या. तिचा भाचा मुरारी पुण्यात रेडिओ दुरुस्त करायचा. मालकाच्या हातापाया पडून त्यानं एका दिवसापुरता टेप रेकॉर्डर आणला, चिंचवडला मावशीच्या घरी मांडला, शेजारच्या कोंडाजीकडून वीज ओढली आणि म्हणाला, "मावशे, तानीसाठी ओवी म्हण."

मावशी माईककडं बघून म्हणाली, "जातं फिरल्याबिगर ओवी येत न्हाई रं."

"मग फिरव की रिकामं."

"रिकामं जातं? घरावर संकट आणतोस व्हय, मुडद्या!"

झालं! सुपात जोंधळे आले, मावशी दळायला बसली. टेप ऐकली तर नुसती घरघर. आपला कान मोठा चोखंदळ, नको ते गाळून ऐकतो. माईकला बिचाऱ्याला सगळंच सारखं. मुरारीनं जात्याखाली गोधडी घातली, माईक मावशीच्या गळ्याशी उपरण्यानं बांधला. आता आवाज आला, पण मावशी एक ओळ म्हणे अन् थांबे.

"थांबू नको, टेप वाया जातीय!"

"बरं बाबा," म्हणे, आणि पुन्हा थांबे. मुरारीनं कपाळावर हात मारला. टेप संपली, दुसरी नव्हती, पुन्हा पहिल्यापासून भरायला वेळही उरला नव्हता. त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

संध्याकाळी त्यानं तसंच यंत्र तानीच्या खाटेशी लावलं. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"सुपात गं घेते, मूठभर जोंधळं..."

मग नुसती जात्याची घरघर. मुरारी ओशाळून म्हणाला, "तानू, जरा बिघाड..."

"वाटंवर लागलं, माउलीचं डोळं," तानी हलकेच म्हणाली.

मुरारीला आत्ता उमगलं. अरे, या दोघी जात्याला समोरासमोर बसायच्या! एक ओळ आईची, दुसरी लेकीची. मावशी लेकीसाठी जागा सोडत होती, आणि हा शहाणा तिलाच रागावत होता.

पुढची ओळ आली, तानीनं पुरी केली. गाऊ नको म्हणून ओरडायला आलेली नर्स दारातच उभी राहिली.

टेप थांबली. तानीनं कूस बदलली, महिन्यानं पहिल्यांदा मुरारीकडं पाहिलं.

"जातं जड चाललंय तिचं," ती म्हणाली. "आईला सांग, एकटीनं ओढू नको. मी येतीय."