चार ओव्यांचं मिनिट

रंगूच्या मनगटावर घड्याळ आलं त्या दिवसापासून बायजाच्या पोटात दुखू लागलं, आणि त्या दुखण्यावर मुरुडच्या धर्मादाय दवाखान्यात औषध नव्हतं.

घड्याळ रंगूच्या भावानं धाडलं होतं. कान्हा मुंबईला गोदीत होता. पांढरी तबकडी, काळा पट्टा आणि सेकंदाचा लांब, लाल काटा. डॉक्टरीणबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता नाडी मोजायला माझ्या टेबलाकडे धावायला नको." हे त्या रंगूकडे बघून म्हणाल्या. बायजा तिथंच उभी होती, उकळलेल्या कात्र्यांचं भांडं धरून.

दोघी मिडवाइफच्या परीक्षेला बसणार होत्या. साल सत्तावन्न. परीक्षा अलिबागला, थोडी लेखी, बाकी तोंडी आणि हाताची, आणि सगळी इंग्रजीत. पास झालं की नाव सरकारी यादीत चढणार आणि दाखला मिळणार. तळे गावात नवं प्रसूतिगृह निघत होतं. तिथं एकच जागा होती. दोघींत जिला जास्त मार्क, तिला ती जागा, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं.

ती जागा बायजाला हवी होती. तळ्यापासून दोन कोसांवर तिचं सासर. नवरा तापानं गेला, आणि ती दवाखान्यात शिकायला निघाली तेव्हा जाऊ ओट्यावरून म्हणाली होती, "जा गो, जा. म्हयन्याभरात आमचीच भांडी घासायला येशील." नर्सचं पांढरं लुगडं नेसून, दाखला घेऊन त्याच तळे गावी उतरायचं, एवढं एकच बायजानं मनाशी धरलं होतं. तिला अक्षर आलं तेच अठ्ठाविसाव्या वर्षी, गावच्या साक्षरता वर्गात. आता चौतिशीत इंग्रजी.

हात मात्र तिचा जन्माचा शिकलेला होता. सासू सुईण होती. तिच्यामागून फिरत बायजानं पंचवीसतीस बाळंतपणं केली होती. पोटावर हात ठेवला की मूल कुठं डोकं लावून बसलंय ते तिला कळायचं. रंगूला ते कळत नसे. रंगू आगरदांड्याची, विशीची. तीन वर्षं मुंबईला मामाकडे राहून इंग्रजी शिकून आलेली. डॉक्टरीणबाई मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहायच्या तेव्हा रंगूला खुर्चीवर बसवून मजकूर सांगायच्या. खुर्चीवर. बायजा दोन वर्षांत त्या खुर्चीवर बसली नव्हती. पुसली मात्र रोज होती.

रंगू वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण रंगू रोज दुपारी मागल्या पडवीत पुस्तक उघडून बसायची आणि हाक मारायची, "बायजाताय, ये. आज रक्तस्रावाचा धडा."

रंगू इंग्रजी वाक्य वाचायची, अर्थ सांगायची. बायजाच्या डोक्यात ते नुसतं राहत नसे. मग तिनं एक युक्ती काढली. उत्तर जात्यावरच्या चालीत बसवायचं आणि पाठ करायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रंगू हसून हसून खांबाला टेकली.

"अगो, इंग्रजी दळतेस तू."

"दळल्याशिवाय भाकर होते का?"

"आणि परीक्षेच्या बाईंनी मधूनच इचारलं तर?"

"तर पहिल्यापासून म्हनीन. त्यांना घाई असली तर त्यांनी ऱ्हावं उपाशी."

त्या बदल्यात बायजा रंगूचा हात धरून पोटावर ठेवायची आणि शिकवायची. हे टणक, हे डोकं. हे मऊ, हे कुल्ले. देणंघेणं सरळ चाललं होतं. पण अडलेल्या बायकाही आताशा विचारू लागल्या, "ती घड्याळवाली नर्स कुठाय?" हे ऐकलं की बायजाला घास गिळवत नसे.

बायजाकडे घड्याळ नव्हतं, तरी वेळ होता. सासूनं दिलेला. कळा किती वेळानं येतात ते सासू ओवीवर मोजायची, मनातल्या मनात, एकाच संथ चालीत:

लेक निघाली खाडीपार, ओटीत गं तांदूळ,
मागं नको बघू बाये, पाणी चढे हळूहळू.

अशा चार ओव्या म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच्या घड्याळाचं एक मिनिट. बायजानं ते कितीदा पडताळून पाहिलं होतं. नाडीही ती तशीच मोजायची. उजवा हात बाईच्या मनगटावर, मनात ओवी, आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरता. एका हाताची बारा पेरं. चार ओव्या संपल्या की पेरांचा हिशेब तयार.

गोकुळअष्टमीच्या दिवशी विहिरीवर कपडे धुताना रंगूचं घड्याळ निसटून दगडावर आपटलं. काच फुटली नाही. रंगूनं कानाला लावून पाहिलं, टिकटिक चालू होती. टेबलावरच्या घड्याळाशी वेळही जुळली. तिनं देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दोघी एका बाळंतिणीची नाडी मोजत होत्या, एक या हाताची, एक त्या. बायजाच्या चार ओव्या संपल्या. रंगू अजून मोजतच होती. पाचव्या ओवीचा दीड चरण झाला तेव्हा ती म्हणाली, "झालं मिनिट."

बायजाला वाटलं, आपलीच चाल घसरली. संध्याकाळी तिनं टेबलावरच्या घड्याळाशी ओव्या लावून पाहिल्या. बरोबर चार. मग रंगू अंघोळीला गेली तेव्हा तिनं खुंटीवरचं ते घड्याळ उतरवलं आणि लाल काट्याकडे टक लावून बसली. काटा झपझप खाली उतरला, सहाला वळला, वर चढू लागला आणि आठाच्या आकड्यापाशी थांबला. चढणीला दम लागलेल्या म्हातारीसारखा. मग धक्का खाऊन पुढं गेला. पुढच्या फेऱ्यालाही तसंच. तासाचे नि मिनिटाचे काटे आपले ठीक चालले होते. लंगडत होता तो फक्त लाल काटा. म्हणून कुणाला कळत नव्हतं. नाडी मोजणारा काट्याची वाट थोडाच बघतो, तो ठोके बघतो.

बायजानं घड्याळ परत खुंटीला लावलं. ओठावर आलं होतं, ते ओठावरच ठेवलं. आज नको, उद्या सांगू. उद्या पुन्हा कुणी म्हणालं, "घड्याळवालीला बोलवा." मग परवा. असे सहा आठवडे गेले. सातआठ ठोके इकडेतिकडे, त्यानं कोण मरतंय, असं ती स्वतःला सांगायची. आणि मरत असेल तर, हा पुढचा विचार ती येऊच देत नसे.

परीक्षेच्या दिवशी साळावपर्यंत एसटी, मग खाडीतून तरीची होडी, रेवदंड्याहून पुन्हा एसटी. अख्ख्या वाटेनं रंगू तिच्याकडून ओव्या म्हणवून घेत होती. "ताय, ताप कधी येतो ते म्हण. अगो, ती ओळ गाळलीस." बायजा म्हणत होती, आणि तिची नजर राहून राहून त्या मनगटावर जात होती.

लेखी झाली. हाताच्या परीक्षेला एकेकीला आत बोलवत होते. परीक्षक बाई मद्रासकडच्या, मराठीचा शब्द न जाणणाऱ्या. खाटेवर नववा महिना लागलेली एक बाई. आधी रंगू गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरला होता.

"नाडी ब्याण्णव आली. त्यांनी परत मोजायला लावली. परत ब्याण्णवच. त्यांनी नुसती मान हलवली." एवढं बोलता बोलता तिनं पट्टा सोडला आणि घड्याळ बायजाच्या मनगटावर बांधलं. "घे. सेकंदकाटा लागतो. त्या इचारतात घड्याळ कुठंय म्हणून."

घड्याळ रंगूच्या घामानं ओलं आणि कोमट होतं.

आत बायजानं घड्याळ समोर धरलं, पण पाहिलं नाही. चार ओव्या. पेरांचे सात फेरे पूर्ण, वर काही नाही. "एटी फोर," ती म्हणाली.

परीक्षक बाईंनी स्वतःचा कागद पाहिला आणि पहिल्यांदाच हसल्या. "गुड. द अदर गर्ल कॅनॉट काउंट."

हे इंग्रजी बायजाला लख्ख समजलं. दुसरीला मोजता येत नाही. किती महिने तिला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि क्षणभर अंगावरून गार वारा गेल्यासारखं बरं वाटलं.

तेवढ्यात खाटेवरची बाई हळूच म्हणाली, "ताय, मघाची पोर दोनदा मोजून गेली. तोंड एवढंसं झालं तिचं. माज्या पोराला काय झालंय का गो?"

तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते. सासूच्या मागून फिरताना बायजानं असे हात पाहिले होते. अशा वेळी सासू पहिल्यांदा खरं काय ते सांगायची, मग दुसरं काम.

"काय झालं न्हाय. घड्याळ खोटं हाय," बायजा म्हणाली. मग ती परीक्षक बाईंकडे वळली. हे उत्तर पुस्तकात नव्हतं. कुठल्याच ओवीत नव्हतं. एकेक शब्द तिनं चुलीतून निखारा काढावा तसा काढला.

"मॅडम. गर्ल काउंट गुड. वॉच गुड नो. रेड हँड, एट, स्टॉप. एव्हरी टाइम स्टॉप."

परीक्षक बाईंनी घड्याळ घेतलं, दोन फेरे पाहिले, आणि रंगूला परत आत बोलावलं. आपलं घड्याळ तिच्या हातात दिलं. रंगूनं मोजून चौऱ्याऐंशी सांगितले.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. दाराआडून सगळं ऐकलेल्या रंगूनं विचारलं, "कधीपासून ठावं होतं?"

"अष्टमीच्या दुसऱ्या दिसापासून."

"व्हय?" रंगू समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "वॉच गुड नो असं न्हाय म्हणत, ताय. वॉच इज नॉट गुड, असं म्हणतात."

परतीच्या तरीत रंगू दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

महिन्यानं कागद आला. दोघी पास. रंगूला नऊ मार्क जास्त. तळ्याची जागा रंगूला, आणि बायजा मुरुडलाच. डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या हातावर पेढा ठेवला. बायजाला तो तांदळाच्या कोंड्यासारखा लागला.

निघायच्या आदल्या दुपारी रंगू पडवीत आली. परीक्षेपासून ती बायजाशी कामापुरतंच बोलत होती.

"घड्याळ कान्हानं मुंबईला दुरुस्तीला नेलंय. कधी येतंय काय ठाऊक. ती ओवी मला शिकव. चाल पण, तुझ्या सासूची."

बायजाच्या पोटात पुन्हा तेच दुखणं उठलं. जागा नेली, तळं नेलं, आता हेही. तिनं रंगूचं मनगट हातात घेतलं, पट्ट्याचा पांढरा वण होता तिथं बोटं ठेवली, आणि ओवी म्हणायला लागली. चारही चरण, संथ, जिथं श्वास घ्यायचा तिथं घेऊन. एकही चरण गाळला नाही. गाळावा असं मात्र दोनदा वाटलं.