अँप्लीतली घूंघूं

जालिंदरच्या थोरल्या लेकीचं, स्वप्नाचं, लग्न झालं ते १९९४ साल. मांडव उतरून महिनाही झाला नव्हता, तोवर चंद्राबाईचा अँप्ली त्याच्या रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात आला. चौदा एप्रिलची जयंती चार दिवसांवर होती.

चंद्राबाई त्याची सख्खी आत्या. कवठे महांकाळच्या वस्तीवर जयंतीचं पहिलं गाणं तेवीस वर्षं तीच म्हणत आली. अँप्लीही तेव्हाचाच, वर्गणी काढून सांगलीहून आणलेला. पेटीवर तिचा नवरा आकाराम बसायचा. तो गेल्यापासून तिनं पेटीला कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"चालू केला की फ्यूज उडतोय," ती म्हणाली. "मंडळाच्या पोरास्नी माझ्या जागी कॅसेट लावायची हाय. यंदा माझं गाणं चुकलं, तर फुडं कोन इचारतंय मला?"

जालिंदरनं फ्यूजच्या जागी शंभरचा बल्ब जोडून वीज दिली. बल्ब भगभगून पेटला. म्हणजे आत शॉर्ट. मागच्या पत्र्यावर टोपीसारखे दोन पावर ट्रान्झिस्टर होते. एकाला मीटर लावला तर काटा उलटसुलट दोन्ही बाजूंनी पडला. तो मेलेला. दुसरा धड होता, पण त्यानं तोही काढला.

"धड हाय त्यो कशाला काढतोस?"

"जोडीनं भार वढत्यात, आत्या. एक नवा, एक थकलेला जुपला तर नवा बी जातो."

"तुझा बाप तसंच बैल जुपायचा."

"म्हणून तर आमची नांगरट वाकडी!"

दुसऱ्या दिवशी तो सांगलीहून जोडी घेऊन आला. खाली अभ्रकाची चकती, पांढरी पेस्ट, वर ट्रान्झिस्टर. या वेळी बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. काम झालं. पण भोंग्यातून जुनी घूंघूं येतच होती. ती गाळणारा आतला मोठा कंडेन्सर फुगला होता. आत्याचं काम म्हणून त्यानं न सांगता तोही बदलला. भोंगा चिडीचूप झाला.

चंद्राबाईनं माईक धरला. सूर वर लागला, मग खाली गेला. तिनं तोंड मिटलं.

"काय केलंस रं मुडद्या? ह्यो बोलंना."

"आवं, आवाज साफ केला."

"तुझं आकाराममामा गेल्यापासनं ह्या अँप्लीच्या घूंघूंवरच सूर धरती मी. आता कशावर धरू?"

घूंघूं म्हणजे मशीनचा आजार, हेच जालिंदर आजवर शिकला होता.

"दुसरा कोन बसवू का पेटीवर?"

"नगं."

फुगलेला कंडेन्सर परत बसवायचा, म्हणजे तो फुटला तर नवी जोडीही जायची. कुठल्या गिऱ्हाइकाला त्यानं असला माल दिला नसता. बराच वेळ तो डबीतला जुना कंडेन्सर बोटानं फिरवत बसला. मग त्यानं डाग द्यायला सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि तोच परत जोडला.

घूं उठली. चंद्राबाईनं डोळे मिटले आणि पहिल्याच ओळीला सूर पकडला.

जयंतीला तो स्टेजच्या कडेला अँप्लीवर तळहात ठेवून बसला.

"काका, पळून जातोय व्हय त्यो?" मंडळाच्या पोरांनी डिवचलं.

"गप ऐका रं."

पत्रा कोमट झाला, चटका बसला नाही. पुढच्या तिन्ही जयंत्यांना तो तसाच बसला. नवा कंडेन्सर कागदात गुंडाळून दुकानाच्या खणात पडून होता.

चंद्राबाई ९ डिसेंबर १९९७ ला, मंगळवारी सकाळी, राहत्या घरी वारली.