उजव्या बाजूची पिशवी

मी एक जुनी तांदळाची पिशवी आहे. किराणा दुकानातली ती भली मोठी, नाव छापलेली पिशवी नव्हे हं! मी मुठीहून थोडीशीच मोठी, चारी बाजूंनी शिवून बंद केलेली. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला स्वस्थ पडणं जमत नाही. पोटात सुटे दाणे खुळखुळत असताना कोण स्वस्थ राहील?

माझं कापड हिम्मतरावांच्या पांढऱ्या पँटचं. हिम्मतराव म्हणजे श्रुतीचे आजोबा. सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर ती पँट विद्यानगरच्या घरी कपाटात नुसती घडी होऊन पडली होती. एका रविवारी श्रुतीची आई त्रिवेणी लेकीच्या डोक्याला तेल लावत होती. वेणी घालता घालता तिचा हात थांबला. श्रुतीच्या पाठीची उजवी बाजू फुगून वर आली होती आणि डावी आत गेली होती.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कणा एका बाजूला वाकला होता आणि थोडा पिळलाही गेला होता. "मुलीची उंची वाढतेय तोवर जपायला हवं," ते म्हणाले, "वाक फार वाढला तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल." ते ऐकून त्रिवेणीच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून घरात एकच घोर होता, तो वाक वाढू द्यायचा नाही.

तारनाक्याच्या शिल्पा मॅडम वाकलेल्या कण्यासाठी व्यायाम शिकवतात. त्यांनी सांगितलं म्हणून त्रिवेणीने ती पँट कापली आणि माझा जन्म झाला. पोटात तांदूळ भरले, किडे लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला घातला. मॅडमनी मला हातात घेऊन दाबून पाहिलं. "छान शिवली हो!" त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी अशी फुगले की शिवण उसवायचीच बाकी राहिली.

माझं काम सांगते. श्रुती चटईवर उताणी झोपायची. तिच्या पाठीच्या उजव्या फुगवट्याखाली मला ठेवायचं. मी खालून रेटा द्यायचा आणि तिने श्वास डाव्या, आत गेलेल्या बाजूला न्यायचा. "हल्लू, अम्मा, हल्लू," मॅडम तिच्या डाव्या बरगड्यांवर बोटं ठेवून लाडाने म्हणायच्या, "माझी बोटं वर ढकल." बोटं वर उचलली गेली की मलाही कळायचं. माझ्यावरचा भार किंचित फिरायचा. फार नाही, पण तेवढ्यासाठी तर मी होते!

त्रिवेणी बँकेत आहे. तिची दूरच्या शाखेत बदली झाली, घरी यायला रात्र होऊ लागली आणि व्यायाम करून घेण्याचं काम हिम्मतरावांकडे आलं. म्हाताऱ्याला कोण आनंद झाला! ते रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात झाडांखाली योगासनं करतात. तिथला शिरस्ता असा, की उजव्या अंगाने आसन केलं की तेच डाव्या अंगानेही करायचं. एकच बाजू करून उठणं म्हणजे जेवणावरून अर्ध्यात उठल्यासारखं.

पहिल्याच दिवशी श्रुती उठायला लागली तसे ते म्हणाले, "अगं, दुसरी बाजू कोण करणार? झोप, झोप."

"आजोबा, मॅडमनी एकच सांगितली."

"मॅडम विसरल्या असतील. डाव्या अंगाने काय घोडं मारलंय?"

आणि त्यांनी मला उचलून डावीकडे ठेवलं.

मित्रांनो, मी हादरले. डावीकडे तर खोलगा होता! तिथे मी अशी अलगद बसले, जशी काही माझ्यासाठीच केलेली गादी. रेटा नाही, टोचणं नाही. श्रुतीला बरं वाटलं. "ही साईड मस्त आहे," ती म्हणाली. आजोबा खूश, नात खूश. मी मात्र दाणे सरसरवून ओरडत होते, की इथे नको, इथे नको! पण पिशवीचं ऐकतो कोण? रोज अर्धा वेळ मी पाठीचा पीळ सोडवायला मदत करायची आणि उरलेला अर्धा वेळ केलेल्यावर पाणी फिरवायचं.

पुढच्या एक्स-रेत वाक वाढलेला निघाला. डॉक्टरांनी आता पाठीला ब्रेसही लावायला सांगितला, दिवसभर अंगावर वागवायचा कडक पट्टा. घरी आल्यावर श्रुतीने मला कपाटावर भिरकावलं. "रोज करूनही वाढलंच ना? मग मला नक्को हे. कधीच नक्को!" ती उशीत तोंड खुपसून रडली. हिम्मतराव दारात उभे होते, पण त्यांना आत जाववेना.

कपाटावरचे ते दिवस आठवले की आजही माझे दाणे गोळा होतात. कुठे चुकत होतं ते मला ठाऊक होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. पाला सुकून गेला आणि माझ्या पोटात सोंडे झाले. ते आतून तांदूळ पोखरत होते. त्याहून जास्त मला काळजी पोखरत होती. खाली पोरीची उंची वाढत होती आणि मी वर धूळ खात होते.

ब्रेस तयार झाला तेव्हा मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. निघताना हिम्मतरावांनी मला खाली काढलं, झटकलं आणि खिशात घातलं. तिथे मॅडम म्हणाल्या, "घरी कसं करता, ते दाखवा बघू."

"मी काही अर्धवट सोडलं नाही, मॅडम," हिम्मतराव छाती पुढे काढून म्हणाले, "दोन्ही बाजूंनी बरोबर सारखं करून घेतलं."

मॅडम म्हणाल्या, "सर, वाक कशाने वाढला ते मी छातीठोक सांगणार नाही. उंची वाढते तेव्हा तो असाही वाढतो. पण तिच्या दोन बाजू सारख्या नाहीत, मग व्यायाम सारखा कसा चालेल?"

हिम्मतरावांनी मला पुन्हा खिशात ठेवलं.

घरी त्यांनी मला उसवलं, नवे तांदूळ, नवा पाला भरला आणि पुन्हा शिवलं. मग, मित्रांनो, त्यांनी चटई अंथरली आणि मला पाठीखाली घेऊन स्वतःच आडवे झाले! श्रुती धावत आली.

"आजोबा, हे काय करताय?"

"चुकलं माझं, बाळा." ते कण्हत म्हणाले. "आई गं! एवढं टोचतं होय हे?"

"हौ," श्रुती हळूच म्हणाली. "रोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. श्रुती चटईवर येऊन बसली. मग तिने त्यांना कोपराने ढोसलं. "सरका आता. जागा माझी आहे." ती झोपली आणि तिने स्वतःच्या हाताने मला उजवीकडे सरकवलं. त्या दिवशीचा श्वास एवढा खोल होता, की मला माझ्या सगळ्या दाण्यांची जागा बदलावी लागली.

आता ती ब्रेस घालते, कुरकुर करते आणि व्यायामही करते. परवाच्या एक्स-रेत कणा सरळ झालेला नव्हता. पण वाक होता तिथेच थांबला होता. त्रिवेणीने तो एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाची पाठ अशी असेल तर त्याला "ताठ बस, ताठ बस" म्हणून टोचू नका. टोचायला मी आहे. तुम्ही फक्त जवळ बसा आणि कुठे दुखतं ते विचारा. आणि माझ्यासारखी एखादी पिशवी तुमच्या घरी असेल तर तिला कपाटावर टाकू नका. श्रुतीची उंची अजून वाढतेय, पुढचा एक्स-रे यायचाय, मला कुठला स्वस्थपणा! ती शाळेतून आली, दप्तर ठेवल्याचा आवाज आला, की मी चटईवर जायला उतावीळ होते.